खिडकी एक, निर्णय अनेक : सीमाशुल्कातील इलेक्ट्रॉनिक 'एक खिडकी' प्रणालीची समीक्षा

गोषवारा

आयात-निर्यातीच्या सर्व शासकीय औपचारिकता एकाच इलेक्ट्रॉनिक ठिकाणी पूर्ण करण्याची 'एक खिडकी' प्रणाली ही व्यापार प्रशासनातील एक महत्त्वाची सुधारणा मानली जाते. भारतात ती १ एप्रिल २०१६ पासून 'स्विफ्ट' या नावाने लागू झाली. या प्रणालीने कागदपत्रे स्वीकारण्याचे काम एकत्र आणले, परंतु निर्णय घेण्याचे अधिकार, निर्णयाची मुदत आणि विलंबाचे उत्तरदायित्व मात्र पूर्ववत विखुरलेलेच राहिले, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी प्रणालीमागील कायदे, तिच्या यशाची मोजमापे आणि द्राक्ष निर्यातीचे उदाहरण यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : एक खिडकी प्रणाली, सीमाशुल्क, व्यापार सुलभीकरण, न्हावा शेवा, प्रशासकीय उत्तरदायित्व.

१. प्रस्तावना

'एक खिडकी' हा शब्दप्रयोग महाराष्ट्रातील वाचकास नवा नाही. तहसील कचेरीच्या आवारातील 'सेतू' केंद्रात पाल्याच्या प्रवेशासाठी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज देणाऱ्या पालकास या योजनेचे गुण आणि तिच्या मर्यादा अनुभवानेच ठाऊक असतात. अर्ज देण्याची जागा एक झाली आणि हेलपाटे कमी झाले, ही गोष्ट खरी. परंतु दाखल्यावर सही करण्याचा अधिकार सेतू केंद्राकडे आला नाही. तो महसूल अधिकाऱ्याकडेच राहिला. सही रखडली तर खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्यापाशी त्याचे कारणही नसते आणि उपायही नसतो.

आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या क्षेत्रात हीच कल्पना फार मोठ्या प्रमाणावर आणि संगणकीय साधनांच्या बळावर राबविली गेली आहे. एका आयातीशी सीमाशुल्क विभागाखेरीज अन्न, औषधे, वनस्पती, प्राणी, वस्त्रे, वन्यजीव अशा विविध विषयांवरील शासकीय संस्थांचा संबंध येतो. या सर्वांसाठी व्यापाऱ्याने माहिती एकदाच द्यावी आणि ती ज्या त्या संस्थेपर्यंत आपोआप पोहोचावी, हा या प्रणालीचा गाभा होय. या उद्दिष्टाबद्दल मतभेद असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो माहिती पोहोचल्यानंतर काय घडते याचा. या प्रणालीवरील बहुतेक लेखन तिच्या तांत्रिक अंगाचे वर्णन करून थांबते. प्रशासकीय सुधारणा म्हणून तिचे मूल्यमापन क्वचितच होते. ती उणीव लक्षात घेऊन येथे भारतीय प्रणालीची समीक्षा केली आहे.

२. संकल्पनेचा उगम आणि विस्तार

या संकल्पनेचा पहिला राष्ट्रव्यापी आविष्कार म्हणून सिंगापूरच्या 'ट्रेडनेट'चा उल्लेख केला जातो. १९८५ मधील मंदीनंतर त्या देशाने व्यापारखर्च कमी करण्याचे जे प्रयत्न केले, त्यांतून ही प्रणाली आकारास आली आणि १ जानेवारी १९८९ रोजी कार्यान्वित झाली. पूर्वी परवान्यांसाठी दिवसांत मोजावा लागणारा वेळ तीमुळे मिनिटांवर आला. योगायोग असा की, न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरही त्याच वर्षी, मे १९८९ मध्ये, सुरू झाले. एकाच वर्षी एका देशाने बंदराच्या कागदपत्रांची पुनर्रचना केली, तर दुसऱ्याने बंदराच्या धक्क्यांची. कागदपत्रांच्या पुनर्रचनेस भारतात आणखी बराच काळ जावा लागला.

संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार सुलभीकरणविषयक 'यूएन-सीफॅक्ट' या यंत्रणेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ३३ क्रमांकाच्या शिफारशीने या संकल्पनेस प्रमाणित रूप दिले. प्रमाणित माहिती एकाच प्रवेशबिंदूवर द्यावी आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील प्रत्येक माहितीघटक एकदाच मागितला जावा, हे या शिफारशीचे सार होय. याच शिफारशीत तीन प्रतिमाने वर्णिलेली आहेत. पहिल्यात एकच प्राधिकरण इतरांच्या वतीने काम पाहते. दुसऱ्यात एकच स्वयंचलित प्रणाली माहिती गोळा करून सर्वांस पुरविते. तिसऱ्यात व्यापारी एकच अर्ज करतो आणि संस्था त्यावर प्रक्रिया करून आपली मान्यता त्याच मार्गाने परत पाठवितात. पहिल्या प्रतिमानात अधिकारांचे एकत्रीकरण अपेक्षित आहे, तर इतर दोहोंत प्रामुख्याने माहितीच्या प्रवाहाचे. हा भेद पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

२००५ मध्येच आसियान राष्ट्रांनी प्रादेशिक 'एक खिडकी'चा करार केला. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या २०१३ मधील बाली परिषदेत व्यापार सुलभीकरण करार संमत झाला. भारताने एप्रिल २०१६ मध्ये त्यास मान्यता दिली आणि २२ फेब्रुवारी २०१७ रोजी तो अंमलात आला. या कराराच्या दहाव्या कलमात 'एक खिडकी'ची तरतूद आहे. तथापि सदस्य राष्ट्रांनी त्यासाठी प्रयत्नशील राहावे, एवढेच बंधन तीत आहे. एकदा दिलेली माहिती सहभागी संस्थांनी, मर्यादित अपवाद वगळता, पुन्हा मागू नये असेही त्यात म्हटले आहे. निर्णय किती मुदतीत द्यावा याविषयी मात्र हे कलम काहीच ठरवीत नाही. म्हणजेच आंतरराष्ट्रीय पातळीवरही या संकल्पनेची मांडणी 'माहिती कशी द्यावी' या प्रश्नाभोवतीच झालेली दिसते.

३. भारतातील वाटचाल

भारतीय सीमाशुल्क विभागाच्या संगणकीकरणाचा प्रारंभ १९९५ मध्ये दिल्ली येथून झाला. त्यानंतर प्रमुख बंदरे, विमानतळ व अंतर्गत कंटेनर आगारे या जाळ्यात आली आणि 'आइसगेट' या प्रवेशद्वारामार्फत आयातीचे 'बिल ऑफ एंट्री' व निर्यातीचे 'शिपिंग बिल' दूरस्थ पद्धतीने दाखल होऊ लागले. २००५ मध्ये जोखीम व्यवस्थापन प्रणाली सुरू झाल्याने प्रत्येक माल तपासण्याची जुनी रीत मागे पडली. २०११ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन शुल्काच्या स्वयंनिर्धारणाचे तत्त्व स्वीकारले गेले. या तीन सुधारणांच्या पायावर १ एप्रिल २०१६ रोजी 'स्विफ्ट' प्रणाली उभी राहिली.

'स्विफ्ट'मुळे सीमाशुल्क विभागाशी सहा संस्था जोडल्या गेल्या : भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, वनस्पती संगरोध, प्राणी संगरोध, औषध नियंत्रक, वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरो आणि वस्त्रोद्योग समिती. सीमाशुल्क विभाग व या संस्था यांच्या नऊ स्वतंत्र नमुन्यांची जागा एका एकात्मिक घोषणापत्राने घेतली. २०१८ मध्ये 'ई-संचित' या सुविधेमुळे पूरक कागदपत्रेही संगणकावरच सादर करण्याची सोय झाली. २०२० मध्ये चेहराविरहित मूल्यांकन टप्प्याटप्प्याने देशभर लागू झाले. त्यानुसार एका बंदरावरील बिलाचे मूल्यांकन दुसऱ्या ठिकाणचा अधिकारी करू शकतो.

या वाटचालीचे श्रेय नाकारता येणार नाही. एकेकाळी सीमाशुल्क कार्यालयातील बिल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात असे आणि प्रत्येक टेबलावर ते पुढे सरकविण्यासाठी कोणीतरी उभे राहावे लागे. प्रत्यक्ष भेटीचे प्रसंग कमी झाल्याने वेळ तर वाचलाच, पण अडवणुकीची संधीही आकुंचित झाली. तेव्हा प्रणाली निरुपयोगी आहे, असा प्रस्तुत विवेचनाचा अर्थ नव्हे. ज्या पायरीवर ती थांबली, तीच अखेरची पायरी समजली जाते, हा आक्षेपाचा मुद्दा आहे.

४. खिडकीमागील कायदे

वर उल्लेखिलेल्या सहा संस्था निरनिराळ्या कायद्यांच्या आधारे काम करतात. प्राण्यांच्या आयातीचे नियमन १८९८ च्या पशुधन आयात कायद्याने होते. वनस्पतींच्या आयातीसंबंधीचा २००३ चा आदेश १९१४ च्या विनाशकारी कीटक व पीडक कायद्याखाली काढलेला आहे. औषधांसाठी १९४० चा, वस्त्रोद्योग समितीसाठी १९६३ चा, वन्यजीवांसाठी १९७२ चा आणि अन्नासाठी २००६ चा कायदा आहे. यांपैकी प्रत्येक कायद्याचे प्रयोजन वेगळे, अधिकारी वेगळे आणि तपासणीची पद्धतही वेगळी. शतकाहून अधिक कालखंडात घडलेली ही कायद्यांची उतरंड एका घोषणापत्रामागे तशीच उभी आहे.

सीमाशुल्क अधिनियम, १९६२ ची रचना या संदर्भात पाहण्यासारखी आहे. या कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार, माल प्रतिबंधित नाही आणि देय शुल्क भरले आहे याची खात्री पटल्यावर अधिकारी माल सोडण्याचा आदेश देतो. परंतु 'प्रतिबंधित माल' या संज्ञेत, अन्य कोणत्याही कायद्याने घातलेल्या अटींची पूर्तता न झालेला मालही येतो. साहजिकच सीमाशुल्क अधिकारी आपले काम अर्ध्या तासात संपवू शकला, तरी अन्य संस्थेचे अनुमतिपत्र येईपर्यंत त्यास आदेश देता येत नाही. खिडकी त्याची आहे. निर्णयाची किल्ली मात्र निरनिराळ्या हातांत आहे.

उदाहरणादाखल ताज्या सफरचंदांचा एक कंटेनर न्हावा शेवा येथे उतरला असे समजू. घोषणापत्र एकच दाखल झाले. त्यातील माहिती वनस्पती संगरोध आणि अन्न सुरक्षा प्राधिकरण या दोन्ही संस्थांकडे त्याच क्षणी गेली. येथपर्यंत प्रणालीने आपले काम चोख केले. यानंतर मात्र कीड-रोगांची तपासणी एक अधिकारी करणार, खाद्यपदार्थ म्हणून छाननी वा नमुना दुसरा घेणार, नमुना प्रयोगशाळेत जाणार आणि अहवालाची वाट पाहिली जाणार. दोन्ही तपासण्या एकाच वेळी, एकाच ठिकाणी, कंटेनर एकदाच उघडून व्हाव्यात, हे माहिती एकत्र आली म्हणून आपोआप घडत नाही. त्यासाठी मनुष्यबळ, प्रयोगशाळा आणि संस्थांमधील परस्परविश्वास लागतो. या तिन्ही गोष्टी संगणकीय आज्ञावलीत लिहिता येत नाहीत.

सिंगापूरच्या यशाकडे पाहतानाही हा फरक लक्षात ठेवणे इष्ट ठरते. तेथे मद्य, तंबाखू, मोटार वाहने व पेट्रोलियम पदार्थ वगळता बहुतेक मालावर सीमाशुल्क नाही, शासन एककेंद्री आहे आणि पुनर्निर्यात हा अर्थव्यवस्थेचा कणा आहे. तेथील संस्थांनी आपल्या मंजुरीचे निकष आधी निश्चित केले व मगच ते यंत्राच्या स्वाधीन केले. ही पूर्वतयारी वगळून केवळ प्रणालीचे अनुकरण केल्यास, जुनी कार्यपद्धतीच नव्या पडद्यावर दिसू लागते.

५. यशाच्या मोजमापाचा प्रश्न

कोणत्याही सुधारणेचे मूल्यमापन ती कशाने मोजली जाते यावर अवलंबून असते. जागतिक बँकेच्या 'डूइंग बिझनेस' अहवालात सीमापार व्यापाराच्या निकषावर भारताचे स्थान २०१८ च्या अहवालात १४६ वे होते. ते २०१९ च्या अहवालात ८० वे व २०२० च्या अहवालात ६८ वे झाले. या प्रगतीचा उल्लेख 'एक खिडकी'च्या यशाचा पुरावा म्हणून वारंवार झाला. मात्र त्या अहवालाची पद्धती पाहिल्यास वेगळे चित्र दिसते. आयातीचा वेळ मोजण्यासाठी सर्व देशांकरिता एकच काल्पनिक माल धरला जात असे : १५ टन वजनाचे, कंटेनरमधून येणारे मोटारींचे सुटे भाग. भारतापुरते हे मोजमाप मुंबई व दिल्ली या दोन शहरांच्या आधारे होई.

सुट्या भागांना वनस्पती संगरोधाची गरज नसते, अन्न प्राधिकरणाची नसते आणि औषध नियंत्रकाचीही नसते. म्हणजेच ज्या सहा संस्थांना जोडणे हे 'स्विफ्ट'चे मुख्य कार्य, त्यांपैकी बहुतेकींशी या मालाचा संबंधच येत नाही. या क्रमवारीने सीमाशुल्क विभागाची स्वतःची गती मोजली असेल, बंदराची कार्यक्षमता मोजली असेल. परंतु सफरचंदाच्या कंटेनरला लागणारा वेळ तिने मोजलेला नव्हता. आकडेवारीतील अनियमितता उघड झाल्यानंतर जागतिक बँकेने सप्टेंबर २०२१ मध्ये हा अहवाल बंद केला. तथापि पद्धतीतील ही मर्यादा त्या अनियमिततेहून स्वतंत्र आहे, आणि म्हणूनच ती अधिक विचारात घेण्याजोगी आहे.

यापेक्षा अधिक विश्वासार्ह साधन म्हणजे सीमाशुल्क विभागाने स्वतः केलेला राष्ट्रीय 'टाइम रिलीज स्टडी' होय. २०२३ च्या अभ्यासानुसार आयात माल सुटण्यास बंदरांवर सरासरी ८५ तास ४२ मिनिटे, अंतर्गत कंटेनर आगारांत ७१ तास ४६ मिनिटे आणि विमानतळांवरील मालसंकुलांत ४४ तास १६ मिनिटे लागत. आदल्या वर्षाच्या तुलनेत या तिन्ही ठिकाणी सुधारणा होती. तरीही २०२० ते २०२३ च्या राष्ट्रीय कृती आराखड्याने बंदरांसाठी ४८ तासांचे उद्दिष्ट ठेवले होते, हे विसरता येत नाही. प्रणाली सुरू होऊन सात वर्षे लोटल्यावरही बंदरांवरील सरासरी उद्दिष्टाच्या दुपटीस फारशी कमी नव्हती.

याच अभ्यासातून असे दिसले की, माल पोहोचण्यापूर्वीच बिल दाखल करणे, जोखीम प्रणालीकडून विनातपासणी सवलत मिळणे आणि 'प्राधिकृत आर्थिक प्रचालक' असा दर्जा असणे या तीन गोष्टी जुळून आल्या की उद्दिष्ट गाठले जाते. हे निरीक्षण जितके उपयुक्त, तितकेच बोलके आहे. यांपैकी पहिली गोष्ट कोणासही शक्य आहे. उर्वरित दोन मात्र मालाचे स्वरूप आणि व्यापाऱ्याची पत यांवर ठरतात. प्राधिकृत दर्जासाठी व्यवहारांची ठरावीक संख्या आणि नियमपालनाचा पूर्वेतिहास लागतो. वर्षाकाठी मोजके कंटेनर मागविणाऱ्या खाद्यपदार्थांच्या लहान आयातदारास तो सहजसाध्य नाही. सरासरी सुधारत असताना तिच्या दोन टोकांमधील अंतर वाढत नाही ना, हा प्रश्न म्हणूनच उपस्थित होतो. सरासरीचे आकडे त्याचे उत्तर देत नाहीत.

६. विलंबाची किंमत कोणी मोजावी?

विलंबाच्या बाबतीत कायदा दोन्ही बाजूंना समान तराजूने तोलत नाही. सीमाशुल्क अधिनियमाच्या ४६ व्या कलमात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, काही अपवाद सोडता, माल पोहोचण्याच्या आदल्या दिवसाअखेर बिल दाखल करणे आयातदारावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास २०१८ च्या विनियमांनुसार पहिले तीन दिवस प्रतिदिन ५,००० रुपये आणि त्यापुढे प्रतिदिन १०,००० रुपये आकार ठरलेला आहे. व्यापाऱ्याने वेळ पाळावी, ही अपेक्षा गैर नाही. परंतु अनुमतिपत्र देणाऱ्या संस्थेने वेळ न पाळल्यास तिच्यावर असा कोणताही आकार या विनियमांत नाही. त्या काळातील बंदराचे डेमरेज, जहाज कंपनीचे कंटेनर भाडे आणि शीतकंटेनरचा वीजखर्च हे सारे आयातदाराच्याच खात्यावर पडते.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत ही विषमता आणखी तीव्र होते. अन्न सुरक्षा व मानके (आयात) विनियम, २०१७ यांनी अशी अट घातली की, सीमाशुल्क मंजुरीच्या वेळी पदार्थाच्या टिकाऊपणाचा किमान ६० टक्के काळ किंवा मुदत संपण्यापूर्वीचे तीन महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढा कालावधी शिल्लक असला पाहिजे. ग्राहकहिताच्या दृष्टीने ही अट योग्यच आहे. मात्र येथे काळ मोजला जातो तो मंजुरीच्या क्षणी, माल बंदरात आला त्या क्षणी नव्हे. त्यामुळे मंजुरी देणाऱ्या यंत्रणेचा विलंबच मालास मंजुरीस अपात्र ठरवू शकतो. याच विनियमांत प्रयोगशाळेच्या अहवालासाठी पाच दिवसांची मुदत घालून दिलेली आहे. मुदतीचे तत्त्व शासनास अपरिचित नाही, हे यावरून स्पष्ट होते. मुदत उलटल्यास पुढे काय, हा प्रश्न मात्र उरतो.

लहान व्यापाऱ्याचा या प्रणालीशी येणारा संबंधही बहुधा प्रत्यक्ष नसतो. तो आपले कागद सीमाशुल्क दलालाकडे देतो. खिडकीसमोर बसतो तो दलाल. प्रणाली वापरण्यास जसजशी तांत्रिक होत जाते, तसतसे हे अवलंबित्व वाढते. त्यात चेहराविरहित मूल्यांकनाने अधिकारी दूरच्या शहरात गेला. ओळखीपाळखीचा गैरफायदा टळला हे खरे. परंतु शंका आल्यास विचारायचे कोणास, हा साधा प्रश्न लहान व्यापाऱ्यापुढे अधिक बिकट झाला. भ्रष्टाचार टाळण्यासाठी अधिकाऱ्याचा चेहरा झाकणे समर्थनीय आहे. उत्तरदायित्वही त्याबरोबर झाकले जाऊ नये, यासाठी वेगळी योजना हवी होती.

या संदर्भात महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ चे स्मरण होते. या कायद्याने अधिसूचित सेवांसाठी मुदत ठरविली, पदनिर्देशित अधिकारी निश्चित केला, अपिलाची सोय केली आणि पुरेशा कारणाविना सेवा देण्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद केली. हा राज्याचा कायदा केंद्रीय संस्थांना लागू नाही आणि त्याच्या अंमलबजावणीतही उणिवा असू शकतात. तरीही 'सेतू'च्या खिडकीस जे कमी पडत होते, ते निर्णयाच्या मुदतीचे बंधन आहे, हे या कायद्याने ओळखले. सीमाशुल्काच्या खिडकीबाबत तशी ओळख अद्याप पुरेशी झालेली दिसत नाही.

७. द्राक्ष निर्यातीचा धडा

निर्णयांची साखळी एकत्र बांधण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. २००३ मध्ये युरोपातील तपासणीत भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश आढळल्यानंतर उर्वरित अंशांच्या नियंत्रणाची योजना सुरू झाली आणि २००६ मध्ये 'अपेडा'ने 'ग्रेपनेट' ही संगणकीय प्रणाली कार्यान्वित केली. नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे या जिल्ह्यांतील निर्यातक्षम बागांची कृषी विभागाकडील नोंदणी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाऊस, ॲगमार्क प्रमाणपत्र आणि पीकस्वास्थ्य प्रमाणपत्र हे सर्व टप्पे तीत एकमेकांत गुंफलेले होते. बागेच्या नमुन्याचा अहवाल प्रतिकूल असेल, तर त्या बागेच्या मालास पुढची पायरी उघडत नसे.

'स्विफ्ट' आणि 'ग्रेपनेट' यांतील फरक उद्बोधक आहे. पहिलीचा आरंभ बंदरावर होतो, दुसरीचा बागेत. पहिली माहिती वाटते; दुसरी एका निर्णयास पुढच्या निर्णयाची अट बनविते. त्यामुळे कोणत्या टप्प्यावर, कोणाकडे काम अडले हे दुसरीत माल बंदरावर पोहोचण्यापूर्वीच कळू शकते. अर्थात 'ग्रेपनेट'चा विषय एकाच पिकापुरता आणि एकाच बाजारपेठेपुरता मर्यादित होता, ही सवलत तिला द्यावी लागेल.

तथापि याच प्रणालीची मर्यादा २०१० मध्ये उघड झाली. त्या हंगामात युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश आढळले आणि माल अडकून पडला. निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत या घटकाचा समावेश नव्हता. साखळीतील प्रत्येक कडीने नेमून दिलेले काम केले होते. प्रश्न यादीचा होता. आयातदार देशाच्या निकषांवर लक्ष ठेवून यादी वेळोवेळी सुधारण्याची जबाबदारी यंत्राची नसते, संस्थेची असते. त्या हंगामातील तोटा मात्र निर्यातदारांना आणि बागायतदारांना सोसावा लागला. प्रणाली कितीही सुबक असली तरी तिच्यामागील संस्थेची दक्षता आणि चुकीचे दायित्व यांस ती पर्याय ठरू शकत नाही, हा या अनुभवाचा धडा होय.

८. संभाव्य आक्षेपांचा विचार

वरील प्रतिपादनावर असा आक्षेप घेतला जाईल की, अन्न, औषधे वा वनस्पती यांची तपासणी करणाऱ्या संस्थांवर घड्याळाचे बंधन घातल्यास सुरक्षिततेशी तडजोड होईल. हा आक्षेप गंभीर आहे. बंदरातून शिरलेली एखादी कीड शेतीचे जे नुकसान करू शकते, त्यापुढे काही दिवसांचे डेमरेज नगण्य ठरते. परंतु मुदत म्हणजे घाई नव्हे. एखाद्या तपासणीस शास्त्रीयदृष्ट्या दहा दिवस लागत असतील, तर मुदत दहा दिवसांची असावी. व्यापाऱ्यास जे खुपते ते लागणारा वेळ अगोदर न कळणे. दहा दिवस ठाऊक असतील तर तो जहाज, गोदाम आणि विक्री यांची आखणी करू शकतो. दोन ते बावीस यांतील कोणताही आकडा संभवत असेल तर नाही.

दुसरा आक्षेप असा की, सर्व अधिकार एका प्राधिकरणाकडे सोपविणे हाच एकमेव उपाय उरतो आणि तो भारतासारख्या देशात अव्यवहार्य आहे. विषयतज्ज्ञ संस्थांचे स्वातंत्र्य राखणे आवश्यक आहे, यात शंका नाही. तथापि अधिकार विभागलेले राहूनही उत्तरदायित्व एकत्र आणता येते. सीमाशुल्क विभागाने केवळ पत्र पोहोचविणाऱ्याची भूमिका न घेता, प्रत्येक संस्थेने घेतलेला वेळ मालाच्या प्रकारानुसार नियमितपणे प्रसिद्ध केला, तरी निर्णयस्वातंत्र्यास धक्का न लागता विलंब दृश्यमान होईल. यासाठी लागणारी माहिती प्रणालीतच साठत असते. ती बाहेर आणण्याचा निर्णय तेवढा हवा.

९. समारोप

इलेक्ट्रॉनिक 'एक खिडकी' प्रणालीने भारतीय व्यापार प्रशासनात अर्ज देण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडविला आहे. निर्णय मिळण्याचा प्रश्न तिने सोडविलेला नाही, आणि तो सोडविणे हे तिचे काम असल्याचेही तिच्या रचनेत पुरेसे मानलेले नाही. शतकभराच्या अवधीत झालेले कायदे, त्यांतील भिन्न अधिकारी आणि अपुऱ्या समन्वयाच्या तपासण्या यांच्यासमोर एक नवे दर्शनी दालन उभे राहिले, असे तिचे वर्णन करावे लागते.

यापुढे अशा प्रणालीचे मूल्यमापन तीन प्रश्नांच्या आधारे व्हावे. अर्ज दाखल करणाऱ्यास निर्णयाची मुदत आधी कळते काय? मुदत उलटल्यास जबाबदार अधिकारी व दाद मागण्याचे ठिकाण निश्चित आहे काय? आणि यशाचा आकडा सांगताना सर्वांत सोप्या मालाऐवजी सर्वांत अधिक तपासण्यांतून जाणाऱ्या मालाचा, मोठ्या व्यापाऱ्याऐवजी लहान व्यापाऱ्याचा वेळ सांगितला जातो काय? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी येईपर्यंत खिडक्यांची संख्या कमी झाली एवढेच म्हणता येईल. रांग कमी झाली, असे म्हणता येणार नाही.